सही बघणारा माणूस

कुणी सही करायला पेन हातात घेतलं की काका आपली खुर्ची उचलायचे. ओढायचे नाहीत, उचलायचे. फरशीवर आवाज झाला तर सही करणारा दचकतो म्हणून. खुर्ची त्या माणसाच्या उजव्या हाताशी ठेवायची, कपाळावरचा चष्मा खाली घ्यायचा, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचं, "हं. करा आता. मी बघायलोय."

आणि ते खरोखर बघायचे. तुम्ही कधी कुणाला सही करताना नीट बघितलंय? आपण कागदाकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, फार तर त्या माणसाच्या चेहऱ्याकडे. काका पेनच्या टोकाकडे बघायचे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या रेघेपर्यंत त्यांची पापणी हलत नसे. मग कागद आपल्याकडे घेऊन 'साक्षीदार' या शब्दापुढे स्वतःची सही करायचे, लहान आणि सरळ, आणि खुर्ची उचलून पुन्हा भिंतीशी ठेवायचे.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. जन्मभर ते कोर्टात बेलीफ होते, म्हणजे लोकांच्या दारात जाऊन समन्स देणारे. निवृत्त झाल्यावर आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात येऊन बसायचे. तिथे ते नक्की कोण होते, हे मला कधी कळलं नाही. साहेबांकडे मृत्युपत्रं बरीच व्हायची. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, सही होताना बघितलेले. त्यातले एक बहुतेक वेळा काका असायचे.

मी बी.कॉम. झाल्यावर तिथे लागले, इंग्रजी पत्रं टाइप करायला. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी वाचता यायचं, टाइप करायला पुढे शिकले, पण हातानं लिहायचं म्हटलं की जोडाक्षरापाशी माझं पेन थांबायचं. रजिस्टरमध्ये नोंद करताना कुणी जवळ आलं की मी रजिस्टर स्वतःकडे वळवून घ्यायचे. काकांनी हे पहिल्याच आठवड्यात टिपलं. बोलले काही नाहीत. फक्त मी लिहायला लागले की ते पेपर तोंडासमोर धरायचे. सगळ्या जगाच्या हाताकडे बघणारा हा माणूस माझ्या हाताकडे मात्र बघत नसे.

साहेब 'मृत्युपत्र' म्हणायचे, मी 'विल' म्हणायचे, काका 'वसीयत' म्हणायचे. "मृत्युपत्र म्हणलं की म्हातारी माणसं खुर्चीतून उठत्यात," ते सांगायचे. "पैलाच शब्द बघ की कोणता हाय."

एकदा शेंद्र्याकडचे एक आजोबा आले होते. तिघे मुलगे बरोबर, तिघांचेही हात बापाच्या खांद्यावर. काकांनी मुलांना सांगितलं, "खाली चहा लई चांगला मिळतो. पिऊन या. दोन दोन कप प्या." ते गेल्यावर आजोबांना विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"तुझ्या बापानं काय खाल्लं व्हतं?" आजोबा म्हणाले.

"शुद्धीत हायेत," काका साहेबांकडे वळून म्हणाले. "चालू द्या."

दुसऱ्या एका वेळी मात्र त्यांनी खुर्ची परत भिंतीशी नेली. चांगल्या घरातले लोक होते, गोड बोलणारे. आजारी वडिलांच्या मनगटाला मुलानं खालून आधार दिला होता. पेन कागदावर फिरलं, सही झाली. काका उभे राहिले. "हात त्यांचा व्हता, सही तुमची झाली," ते मुलाला म्हणाले. "मी नाय बसत." साहेब दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. काकांनी ते दोन दिवस नेहमीपेक्षा जास्त पेपर वाचला.

वसीयत केली की माणूस वर्षात जातो, असं आमच्याकडे येणाऱ्यांत बोललं जायचं. काका हसायचे. "मरण काय कागद वाचून येतं व्हय?" पण सकाळी आल्यावर ते पेपरचं निधनाचं पान सगळ्यांत आधी उघडायचे. बोट एकेका फोटोवरून खाली यायचं. कधी ते बोट थांबायचं. मग चष्मा वर करून हळू म्हणायचे, "आपलं माणूस गेलं. काढ बेटा फाइल." मला त्या बोटाची भीती वाटायची.

आता त्या आजींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय काकांबद्दलचं हे लिहिणं पुरं होणार नाही.

आजी सिडकोत राहायच्या. मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन खोल्यांचं घर त्यांच्या नावावर होतं. नवऱ्यानं टाकलेली त्यांची भाची, बहिणीची मुलगी, त्यांच्याजवळ राहायची. वाळूजला कंपनीत कामाला जायची आणि उरलेल्या वेळात आजींचं सगळं करायची. मृत्युपत्र केलं नाही तर ते घर भाचीला मिळणार नव्हतं. ते आजींच्या नवऱ्याच्या माणसांकडे, म्हणजे करमाडच्या दोन पुतण्यांकडे गेलं असतं. पुतण्यांना घराची गरज नव्हती. गरज नसलेल्या माणसांची मला तेव्हा भीती वाटत नसे.

सही आजींच्या घरीच करायची ठरली. काकांनी भाची कामावर असतानाची वेळ निवडली. "जिचा फायदा, ती उंबऱ्याच्या आत नको," ते म्हणाले. दुसरे साक्षीदार म्हणून शेजारचे एक गृहस्थ येणार होते. कागद घेऊन काका आणि मी पोचलो तर त्यांच्या दाराला कुलूप. आजी म्हणाल्या, आत्ता तर घरात होते. काका जरा वेळ त्या कुलपाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही हाय की."

आजी पलंगावर बसल्या होत्या. काकांनी त्यांच्या मांडीवर पाट ठेवला, पाटावर कागद, आणि खुर्ची उचलून जवळ बसले.

"आज वार कोणता?"

"तुम्हाला ठाऊक नसंल तर कॅलेंडर तिकडं लावलंय."

"घर कुणाला द्यायलात?"

"भाचीला."

"कामून?"

"ती मला न्हाऊ घालती," आजी म्हणाल्या.

काकांनी शाईचा पॅड पुढे केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. "अंगठा माझी सासू लावायची. मी सही शिकलेय, पन्नाशीत शिकलेय." पेन घेतलं.

टोक कागदाला टेकलं आणि थरथरायला लागलं. पहिलं अक्षर होईना. कागदावर खरखर व्हायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मला ते सहन होईना. कुणी धडपडत लिहीत असेल तर त्याच्याकडे टक लावून बघू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं मलाच ठाऊक होतं. मी मान खाली घातली. आदर म्हणूनच घातली. वर बघितलं तेव्हा आजी पेनला टोपण लावत होत्या.

मग काकांनी सही केली, मग मी. माझी सही इंग्रजीत आहे. ती झरकन होते.

परत येताना रिक्षात काका म्हणाले, "तू बघितलं नाय."

मी फाइलची सुटलेली नाडी बांधायला लागले.

"बघायचं असतं, बेटा. बघणं म्हंजे अपमान नाय. आपण बघितलं नाय, तर तिनं एवढं केलेलं कुणी केलंच नाय, असं व्हतं." थोड्या वेळानं त्यांनीच उपाय सांगितला. आजींना पुन्हा भेटायचं, कागद दाखवायचा, 'ही सही माझीच' एवढं त्यांनी मला तोंडानं सांगायचं, मग मी पुन्हा सही करायची. कायद्याला तेवढं पुरतं. "उद्याच जाऊ."

दुसऱ्या दिवशी काकांना ताप भरला. फोनवर म्हणाले, "एकटी जाशील?"

मी गेले. फाइल छातीशी धरून फाटकापर्यंत गेले. बाहेर दोन गाड्या उभ्या होत्या. ओट्यावर दोघे जण सीताफळं खात बसले होते, बिया अंगणात थुंकत. पांढरे शर्ट, शांत चेहरे. करमाडचे पुतणे असणार, मी ओळखलं. "कोण पाहिजे, ताई?" थोरल्यानं विचारलं.

मी म्हणाले, "घर चुकलं."

"कुणाचं पाहिजे होतं? आम्ही दाखवतो की."

मला एकही आडनाव आठवेना. मी वळले आणि चालायला लागले. कोपऱ्यावर पोचून मागे बघितलं, तर थोरला फाटकाशी येऊन उभा होता. माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या फाइलकडे बघत.

काकांना मी सांगितलं, आजी झोपल्या होत्या.

"मग परवा जा," ते म्हणाले.

परवा मी दुसरं काम काढलं. तेरवाही काढलं. आठव्या दिवशी सकाळी काकांचं बोट पेपरवर थांबलं. आजींचा तरुणपणीचा फोटो होता. खाली 'शोकाकुल' म्हणून पुतणे, सुना, नातवंडं, अगदी तान्ह्या बाळाचंही नाव. काकांनी ती यादी दोनदा वाचली.

"भाची नाय यात," ते म्हणाले. फाइल काढ म्हणाले नाहीत. पेपरची घडी घालून बराच वेळ गुडघ्यावर धरून बसले. मग म्हणाले, "आता मला मरता यायचं नाय." कोर्टात दोघांपैकी एका साक्षीदाराची साक्ष पुरते, आणि सही बघितलेले ते एकटेच होते.

पुतण्यांनी दावा लावला. मृत्युपत्र खोटं, घर आमचं. ते एकदा साहेबांना भेटायलाही आले होते. थोरला हात जोडून म्हणाला, "भाचीशी आमचं भांडण नाय. पण चुलत्याचं घर, तिथं दुसऱ्याचं आडनाव लागलं तर गावात तोंड कसं दाखवायचं?" जाताना त्यानं काकांकडे बघून विचारलं, "तब्येत बरी हाय ना? जपा. ऊन लई हाय."

काका तब्येतीला खरंच जपायला लागले. मिरचीची भजी सोडली. जालना रोड ओलांडताना माझ्या ओढणीचं टोक धरायचे. "माझ्यासाठी नाय," म्हणायचे, "सरकारी मुद्देमाल हाय मी आता. फुटला तर जिम्मेदार तू." मी हसायचे. प्रत्येक तारखेला ते इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात यायचे, आणि प्रत्येक तारखेला समोरचे मुदत मागायचे. कधी वकील आजारी, कधी कागद मिळाला नाही. पुतणे जिन्यात भेटायचे, वाकून नमस्कार करायचे. "काका, जिने चढू नका. तब्येत जपा."

"तुम्ही मुदत मागू नका," काका म्हणायचे, "मग बघा कशी ठणठणीत राहती."

एकदा थोरला काकांच्या घरी जाऊन आला. काका नव्हते. काकूंना हुरड्याची पिशवी देऊन, कोणत्या डॉक्टरांकडे जाता, कोणत्या गोळ्या चालू आहेत, असं सगळं आस्थेनं विचारून गेला. काकांनी हे ऑफिसात हसत सांगितलं. मग हसू ओसरलं. "हे लोक भांडायलेत असं आपल्याला वाटतंय," ते म्हणाले. "ते भांडत नायत. ते थांबलेत."

साहेबांनी काकांची साक्ष आधी घ्यावी म्हणून अर्ज केला. त्या अर्जावर म्हणणं द्यायला समोरच्यांनी मुदत मागितली.

त्याच महिन्यातल्या एका दुपारी ऑफिसात आम्ही दोघंच होतो. काका पेपर वाचत होते. पेपर खाली न करता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी ती झोपली व्हती म्हणालीस."

"हो."

"झोपलेल्या बाईच्या दारात गाड्या किती व्हत्या?"

मी म्हणाले, "दोन."

"मग तसं सांगायचं व्हतं. ताप घेऊन आलो असतो मी." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, "काका, तुमच्या आधी मला साक्षीला बोलावलं तर? किंवा..." पुढचं मला म्हणता आलं नाही. त्यांनी ते ऐकलं. "माझ्या माघारी तुलाच बोलावतील," ते म्हणाले.

"मग मी काय सांगू?"

त्यांनी पेपर खाली केला आणि पहिल्यांदाच, सही करणाऱ्या माणसाकडे बघायचे तसं, माझ्याकडे बघितलं. "ते मला इचारू नको. मी सांगितलं तर ती तुझी साक्ष राहात नाय, माझी व्हती."

काही आठवड्यांनी सकाळी काकूंचा फोन आला. "आज यायचे नाहीत ते," त्या म्हणाल्या. मला वाटलं, ताप असेल. त्या पुढे काही बोलेनात, तेव्हा कळलं. झोपेतच गेले होते. अंत्ययात्रेला पुतणे आले होते. थोरल्यानं खांदाही दिला. लोकांना ते चांगलं वाटलं.

आता साक्षीदार मी एकटीच राहिले होते.

साक्षीदाराचं म्हणणं आधी शपथपत्रावर द्यायचं असतं. आमच्या ऑफिसातली सगळी शपथपत्रं मीच टाइप करायचे, तेव्हा माझंही मीच टाइप केलं. साहेबांचा ठरलेला नमुना होता. 'सदर सही होत असताना मी ती प्रत्यक्ष पाहिली.' हे वाक्य मी किती तरी लोकांसाठी टाइप केलं होतं. बोटं आपोआप चालायची. मी ते टाइप केलं. काढलं. पुन्हा टाइप केलं. भाची त्या आठवड्यात येऊन गेली होती, सुट्टी टाकून. मला म्हणाली होती, "काका गेले तरी तुम्ही हायेत, मॅडम." मला तेही आठवत होतं.

साहेबांनी कागद वाचला. "एक वाक्य राहिलंय."

"राहिलं नाही, साहेब."

त्यांनी चष्मा काढला. "तुला कळतंय का, समोरच्याला हेच पाहिजे? तू खोलीत होतीस. बाईंनी सही केली, यात काही खोटं नाही. एका शब्दाचा प्रश्न आहे."

"हो," मी म्हणाले. मला मोठ्या माणसांशी वाद घालता येत नाही. मी फक्त कागद परत घेतला नाही. तोच दाखल झाला.

कोर्टात न्यायाधीशांनी मला दोनदा मोठ्यानं बोला म्हणून सांगितलं. समोरच्या वकिलांनी एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला, तोही अगदी सौम्यपणे. "म्हणजे सही होताना तुम्ही पाहिली नाही?"

"नाही. मी खाली बघत होते."

ते बसले. आमच्या साहेबांनी काकांच्या सहीची ओळख पटवण्याबद्दल काहीतरी मांडलं. अजून एक वाट आहे, असं ते नंतर मला म्हणाले. पण म्हणताना फायलीकडे बघत होते.

बाहेर आल्यावर थोरल्या पुतण्यानं मला हात जोडले. "ताई, खरं बोललात. आजकाल कोण बोलतं? काही लागलं तर आम्हाला सांगा." तो मनापासून बोलत होता.

भाची पॅसेजच्या टोकाला बाकावर बसली होती. मी तिच्यासमोरून जाऊ शकले नाही. तिनं बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसले. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मला वाटलं, आता ती बोलेल, आणि जे बोलेल ते मी ऐकून घ्यायचं.

"सही करायला मावशीला लई वेळ लागला का?" तिनं विचारलं.

"हो. बराच."

"मधी थांबली व्हती का? उजवा हात दुखायचा तिचा. डाव्यानं मनगट धरून लिहायची. तसं धरलं व्हतं का?"

मला माहीत नव्हतं. काका असते तर त्यांनी पहिल्या अक्षरापासून सांगितलं असतं: पेन कुठे अडलं, आजींनी श्वास कुठे घेतला, शेवटची रेघ कशी ओढली. ते सगळं बघणारा एकच माणूस होता. माझ्याकडे फक्त फरशी होती, तेव्हा मी तिला फरशी सांगितली. पलंगाच्या पायाशी एका फरशीचा कोपरा फुटलेला होता, हाताच्या पंजाएवढा. फुटलेल्या जागी पांढरं काहीतरी दाबून भरलं होतं.

"रांगोळी," भाची म्हणाली. "खलबत्ता पडला व्हता माझ्या हातून. मावशी काही बोलली नाय. तुकडा जपून ठेवलाय मी, सिमेंट आणून बसवायचा म्हणून."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मग माझ्याकडे वळली आणि ऑफिसात कागदाबद्दल विचारायची त्याच सरळ आवाजात तिनं विचारलं, "मॅडम, आता तो बसवू, का राहू देऊ?"